आधी मोठ्यांचे समुपदेशन करा

किशोरवयीन मुलींच्या डाएटवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. मुली जेवण टाळतात, याचा सगळा दोष त्यात मोबाइलवर टाकला आहे, ते मात्र पटले नाही. आमच्याकडे गणपतीला मुंबईहून आलेली मंडळी उंबऱ्यातच म्हणतात, 'काय गो, जाडी झालंस!' त्याच आठवड्यात माझ्या नववीतल्या भाचीने सकाळची उकड्या तांदळाची पेज सोडली. डबाही तसाच परत येऊ लागला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. त्यात ही उपासमार! शाळांनी पालकसभेत आधी मोठ्यांना बजावावे, की मुलांच्या अंगकाठीवर बोलू नका, थट्टेतही नको. भाचीची पेज पुन्हा सुरू झाली, ती आजी रोज तिच्यासोबत ताट घेऊन बसू लागल्यावर.

– एक वाचक, मालवण