परराष्ट्रमंत्री साहेब, अरबी वाचणारी माणसं कुठून आणायची?

मा. डॉ. एस. जयशंकर साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. पत्र लिहायचं कारण म्हणजे आत्ता माझ्या टेबलावर पडलेली एक वही. दोनशे पानी, कव्हर निघालेलं, त्यावर सेलोटेप मारलेला. माझ्या एका विद्यार्थिनीची आहे, जालन्याकडची मुलगी, वडील एसटीत कंडक्टर. उजव्या पानावर अरबी, डाव्या पानावर मराठी, ओळीला ओळ. शेजारच्या चाचींकडून आधी उर्दू लिपी शिकली, मग मदरशात शिकवणाऱ्या एका मौलानांकडे वर्षभर व्याकरण केलं, बाकी सगळं यूट्यूबवर. ट्युनिशियातल्या एन्नहदा पक्षाने मे २०१६ च्या अधिवेशनात ठरवलं की पक्ष आता फक्त राजकारण करणार, धर्मप्रचाराचं काम वेगळं, आणि आम्हाला मुस्लिम डेमोक्रॅट म्हणा, त्याबद्दलचा मजकूर ती उतरवत होती. 'दअवा' या एका शब्दापुढे तिने प्रचार, आवाहन, निमंत्रण असे तीन मराठी शब्द लिहिलेत, तिन्ही खोडलेत, आणि शेवटी अरबी शब्दच तसाच ठेवलाय.

ही मुलगी गेल्या वर्षी माझ्याबरोबर एका मोठ्या शहरात सेमिनारला आली होती. विषय होता पश्चिम आशियातला राजकीय इस्लाम. मुख्य वक्ते एक निवृत्त अधिकारी, देशासाठी आयुष्य घातलेला माणूस, त्याबद्दल मला आदरच आहे. पण ते स्टेजवरून म्हणाले की इजिप्तमध्ये सुरू झालेली मुस्लिम ब्रदरहूड, एन्नहदा, तालिबान सगळे एकाच माळेचे मणी, नावं तेवढी वेगळी. ही उभी राहिली आणि विचारलं, सर, एन्नहदाचा २०१६ चा ठराव तुम्ही वाचलाय का, त्यावर तुमचं मत काय. ते म्हणाले, बेटा, मी तीस वर्षं फील्डमध्ये होतो. टाळ्या पडल्या. परतीच्या बसमध्ये सिल्लोड येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, मग म्हणाली, मॅडम, कुठल्या फील्डमध्ये? माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून तुम्हाला लिहितेय.

इस्लामिझमचा, म्हणजे इस्लामच्या नावाने चालणाऱ्या राजकारणाचा, अभ्यास करून परराष्ट्र धोरणावर सल्ला देणारी माणसं दुसऱ्या देशांत कुठल्या कामातून पुढे येतात हे मी नीट बघायला लागले. वाटलं होतं सगळे गुप्तचर खात्यातले किंवा लष्करातले असतील. तसं नाहीये. ऑलिव्हिए रुआ घ्या, फ्रान्समध्ये शाळेत तत्त्वज्ञान शिकवणारा मास्तर, फारसी शिकलेला, १९६९ मध्ये तरुणपणी अफगाणिस्तानात गेला आणि मग १९८० च्या दशकात सोव्हिएत फौजा असताना मुजाहिदीनांबरोबर पुन्हा पुन्हा आत जाऊन आला. पुढे संयुक्त राष्ट्रांसाठी आणि ताजिकिस्तानात युरोपियन सुरक्षा संघटनेसाठी काम केलं. जिल केपेल हाही फ्रेंच, कैरोत डॉक्टरेटचं काम करत होता तेव्हाच, ६ ऑक्टोबर १९८१ ला, इजिप्तचे अध्यक्ष सादात यांची हत्या झाली. ज्या गटांवर तो लिहीत होता तेच एकदम जगाच्या बातम्यांत आले, आणि त्यांची पत्रकं अरबीत वाचलेली होती म्हणून त्याला काही सांगता आलं.

सिडनी जोन्स या अमेरिकन बाईंचं मला सगळ्यात विशेष वाटतं. आधी जकार्तात फोर्ड फाउंडेशन, मग ॲम्नेस्टी, मग ह्यूमन राइट्स वॉच. म्हणजे ज्यांना आपल्याकडे लगेच 'एनजीओवाले' म्हणून बाजूला बसवलं जातं त्यातल्या. २००२ मध्ये त्या इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुप या संघर्षांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेसाठी इंडोनेशियात काम करायला लागल्या आणि ऑगस्टमध्ये जेमा इस्लामिया या तिथल्या दहशतवादी संघटनेच्या जाळ्यावर रिपोर्ट काढला. कोण कुठल्या शाळेत शिकला, कोण कोणाबरोबर तुरुंगात होता, असली माहिती जुन्या कोर्टाच्या कागदांतून आणि गाठीभेटींतून काढलेली. दोन महिन्यांनी, १२ ऑक्टोबरला, बालीत याच संघटनेच्या लोकांनी स्फोट केले, २०२ माणसं गेली. मानवाधिकाराच्या कामात राजकीय कैद्यांच्या केसेस वाचायची सवय लागलेली असते, कोर्टाचा कागद कसा वाचायचा हे माहीत असतं, ते इथे उपयोगी पडलं. २००४ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं, नंतर त्या परत गेल्या आणि २०१३ मध्ये जकार्तातच स्वतःची संशोधन संस्था उभी केली.

नॉर्वेसारखा देश, लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी, पण त्यांच्या संरक्षण संशोधन संस्थेत थॉमस हेगहॅमर, ब्रिन्यार लिया अशी अरबी वाचणारी माणसं वर्षानुवर्षं बसून सौदीतले, इजिप्तमधले गट अभ्यासायची. अमेरिकेत विल मॅकँट्स प्रिन्स्टनला डॉक्टरेट करून वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या दहशतवादविरोधी केंद्रात आला, जिहादी रणनीतीवरचा एक अरबी ग्रंथ २००६ मध्ये इंग्रजीत आणला, मग परराष्ट्र खात्यात सल्लागार, मग ब्रुकिंग्ज ही वॉशिंग्टनमधली धोरण-संशोधन संस्था. तिथे त्याने आणि शादी हमीदने २०१५ मध्ये बारा देशांतल्या इस्लामी चळवळींचा एकत्र प्रकल्प चालवला, प्रत्येक देशावर त्या देशात राहून आलेला माणूस. हमीदचे आईवडील इजिप्तचे, तो स्वतः जॉर्डनमध्ये राहिलेला, ऑक्सफर्डचा, पुढे वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहू लागला.

आता यातला कोणीही चुकत नाही असं मी अजिबात म्हणत नाही. केपेल आणि रुआ यांचं तर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर जाहीर भांडण झालं, केपेल म्हणतो सलफी, म्हणजे कट्टर मूळ-इस्लामवादी, विचाराने पोरं बिघडली, रुआ म्हणतो पोरं आधीच हिंसेकडे गेलेली होती, इस्लाम त्यांनी वर पांघरला. मला हे भांडण वर्गात शिकवायला फार आवडतं कारण त्यात दोघांचं पूर्वायुष्य दिसतं. केपेल पत्रकं, पुस्तकं, फ्रेंच उपनगरांतले मोहल्ले वाचत आलेला, रुआने अफगाणिस्तानात धर्माच्या नावाखालची टोळी, जात, गाव हे सगळं बघितलेलं. माणूस ज्या कामातून आला तसे त्याचे प्रश्न. पोलिसातून आलेला विचारतो धोका किती, वकील विचारतो यांच्या राज्यघटनेच्या मसुद्यात काय आहे, पत्रकार विचारतो हा माणूस घरी कसा असतो. साहेब, आपल्या टेबलावर येणाऱ्या कागदांत हे तिन्ही प्रश्न असतात का? बाहेरून बघताना मला तरी पहिलाच दिसतो.

आणि पैशाचंही बघितलं पाहिजे. २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं होतं की कतारने ब्रुकिंग्जला चार वर्षांसाठी १ कोटी ४८ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. त्याच कतारने ब्रदरहूडला आधार दिला. म्हणून ब्रुकिंग्जचं सगळं खोटं असं होत नाही, पण वाचणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. आपल्याकडे टीव्हीवर पट्टीत फक्त 'सामरिक तज्ज्ञ' एवढंच येतं. कुठे नोकरी केली, कुठली भाषा येते, संस्थेला पैसे कोण देतं, काही नाही. निदान सरकारी पैशातून जे रिपोर्ट निघतात त्यावर तरी लेखकाचं हे सगळं छापायला सांगा, एक परिच्छेद पुरेल.

तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. तुमचे वडील के. सुब्रह्मण्यम आयएएस अधिकारी, आणि त्यांनी आयडीएसए ही दिल्लीतली संरक्षण अभ्यास संस्था घडवली, जिला आता मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. तुम्ही स्वतः जेएनयूतून डॉक्टरेट केलेले. तल्मीझ अहमद साहेब सौदी, ओमान, यूएईत राजदूत होते, निवृत्तीनंतर पुण्यात सिंबायोसिसमध्ये राम साठे अध्यासनावर शिकवायला आले. म्हणजे खात्यातून बाहेर शिकवायला येणारा रस्ता आपल्याकडे आहे. बाहेरून आत जायचा रस्ता जवळजवळ नाहीच. परराष्ट्र सेवेत अधिकारी हजाराच्या आसपास, त्यातला जो कैरोत अरबी शिकतो तो पुढे ब्रसेल्सला नाहीतर हनोईला जाणार, नोकरीच तशी आहे, त्याच्याकडून एकाच देशाचा वीस वर्षं अभ्यास होणं शक्य नाही.

आणि अभ्यास देशादेशाचाच करावा लागतो. मोरोक्कोत पीजेडी हा इस्लामी पक्ष दहा वर्षं सरकार चालवून २०२१ च्या निवडणुकीत १२५ जागांवरून १३ वर आला. इजिप्तचे ब्रदरहूडमधून आलेले अध्यक्ष मोर्सी मार्च २०१३ मध्ये दिल्लीत येऊन गेले आणि ३ जुलैला लष्कराने त्यांना हटवलं. कुवेतमध्ये इस्लामी गट संसदेत निवडून यायचे, मे २०२४ मध्ये अमीरांनी संसदच बरखास्त केली, आणि तिथे आपल्या रत्नागिरी-चिपळूणकडची किती घरं पोटापाण्यासाठी आहेत. हे एका माळेत कसं ओवणार?

आमच्या शहराचं तर आणखीच. जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौलाना मौदूदी १९०३ मध्ये इथेच जन्मले, तेव्हाच्या औरंगाबादला, निजामाच्या राज्यात. ते मूळचे पत्रकार, वर्तमानपत्रं चालवणारे. त्यांनी १९४१ मध्ये लाहोरला जमात काढली, त्यांचं लिखाण इजिप्तमध्ये ब्रदरहूडचा विचारवंत सय्यद कुत्बपर्यंत पोचलं, आणि आज ढाक्यात शेख हसीना गेल्यापासून ज्या जमातकडे आपण काळजीने बघतोय तिचं मूळही तेच. एवढं सगळं आपल्या अंगणातलं, मूळ लिखाण उर्दूत, आणि तरी आमच्या मुलांना मौदूदींवर वाचायला लायब्ररीत जे मिळतं ते बहुतेक इंग्रजीतलं, बाहेरच्यांनी लिहिलेलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तुम्ही तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी यांना भेटलात, काबूलमधल्या मिशनला दूतावासाचा दर्जा द्यायचं जाहीर केलंत, मग ते देवबंदच्या दारुल उलूम मदरशात गेले. मी तो आठवडाभर टीव्ही बघत होते. देवबंद आणि तालिबान यांचं नेमकं नातं काय, कुठे जुळतं कुठे तुटतं, हे समजावणारा माणूस शोधून सापडत नव्हता, आणि मदरशातून शिकून जेएनयू-जामियात आलेली, अरबी, उर्दू, फारसी तिन्ही येणारी मुलं या देशात आहेत. मी अशा काहींना ओळखते. एकजण मला म्हणाला, मॅडम, मी या विषयावर पीएचडी केली तर लोक विचारणार की तुला यात एवढा इंटरेस्ट का. त्याने विषय बदलला, आता अनुवादाचं काम करतो. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. त्या पोराचा तोटा झालाच, पण देशाचा त्याहून मोठा झाला. हे फक्त तुमच्या खात्याने जाहीरपणे दार उघडलं तरच बदलेल, माझ्यासारखीने पाठीवर हात ठेवून काही होत नाही.

म्हणून मागणं असं आहे. दरवर्षी वीस-पंचवीसच मुलं घ्या, पण भाषेची परीक्षा घेऊन घ्या, आणि त्यांना दोन-तीन वर्षं त्या त्या देशात ठेवा. ढाका, जकार्ता, अम्मान, रबात, जमेल तेव्हा कैरो. आठ दिवसांच्या डेलिगेशनने काही कळत नाही. मराठी, उर्दू, बंगाली माध्यमातल्या मुलांना इंग्रजीत मुलाखत देता आली नाही म्हणून गाळू नका. परत आल्यावर दोन वर्षं खात्याच्या डेस्कवर बसवा, मग विद्यापीठात जाऊ दे. यात पोलिसातली, लष्करातली माणसंही घ्या, पण त्यांनाही भाषा शिकायला लावा.

आणि त्यांच्यामागे दूतावास उभा करा. ज्युलिओ रेजेनी हा केंब्रिजचा इटालियन विद्यार्थी कैरोत फेरीवाल्यांच्या युनियनवर संशोधन करत होता, २५ जानेवारी २०१६ ला गायब झाला, काही दिवसांनी रस्त्याकडेला प्रेत सापडलं, छळाच्या खुणांसकट. त्याचा विषय तर इस्लामिझम नव्हताच. यूएईत मॅथ्यू हेजेस या ब्रिटिश संशोधकाला २०१८ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली जन्मठेप झाली, ब्रिटन सरकार मागे लागलं तेव्हा कुठे माफी मिळाली. आपलं पोर असं अडकलं तर फोन कोणाला करायचा, हे आधी लिहून ठेवलेलं असलं पाहिजे.

माझी विद्यार्थिनी स्वतःच्या पैशांनी ट्युनिसला जायचं म्हणतेय. आईने बांगड्या मोडल्या, वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं. तीन महिन्यांचा भाषेचा कोर्स आहे, त्यानंतर काय ते तिलाही माहीत नाही. काल वही माझ्याकडे ठेवून गेली आणि विचारत होती की तिथल्या आपल्या दूतावासात आधी कळवायचं असतं का, कोणाला भेटायचं, ते आपल्याशी बोलतील का. मी विचारून सांगते म्हटलं. साहेब, तिला काय सांगू?

आपली,
मराठवाड्यातली एक प्राध्यापिका