टॉवर बोलतो, पण ऐकतो का?

सातारा, रविवार

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू अगदी रडकुंडीला आली होतीस. तुझ्या मोबाइल टॉवरच्या टेस्ट सगळ्या पास, अलार्म एकही नाही, आणि पाटणकडची माणसं म्हणतात रेंज फुल्ल दिसते पण फोन लागत नाही. बोलता बोलता आपलाही फोन कट झाला, म्हणून लिहितोय.

माणसं खोटं बोलत नाहीत. मोबाइलवरची रेंज म्हणजे टॉवर किती मोठ्यानं बोलतो तेवढंच. त्याला ऐकू येतं का, ते तिथं दिसत नाही. टॉवर वीसेक वॅटनं ओरडतो, जीएसएम 900 चा, म्हणजे 2जीचा, हँडसेट जास्तीत जास्त 2 वॅटचा. त्यात मानकाप्रमाणे बीटीएसच्या, म्हणजे टॉवरच्या यंत्राच्या, रिसीव्हरनं उणे 104 डीबीएमचा सिग्नलसुद्धा ऐकायला हवा. म्हणजे एका मिलिवॅटचे अडीच हजार कोटी भाग केले, तर त्यातला एक!

चाळकेवाडीच्या पठारावर मीही असाच फसलो होतो. जुनी जीएसएमची साइट, ऐन पावसाळा, समोरच्या पवनचक्क्या धुक्यात गायब. लूपबॅक टेस्ट लावली, पास. तरी रिसीव्हरचं कार्ड बदललं. परत पास. दोन दिवस असे वाया घालवल्यावर डोक्यात आलं, की लूपबॅकचा सिग्नल कॅबिनेटच्या आतल्या आतच वळून परत येतो. फीडर आणि जंपर या अँटेनापर्यंतच्या केबल, आणि खुद्द अँटेना, यांची त्याला वार्ताही नसते. व्हीएसडब्ल्यूआरचा, म्हणजे लाइनमधून पॉवर माघारी येण्याचा, अलार्म तरी का आला नाही? 1.5 रीडिंग म्हणजे 4 टक्के पॉवर माघारी येते, पण आधी पॉवर वर जायला तर हवी. आमची दुसरी, डायव्हर्सिटीची, म्हणजे जादा कानाची, लाइन नुसती ऐकण्यासाठी होती. तिच्यातून काही जातच नव्हतं, तर माघारी काय येणार? जवळचे फोन एका कानावर भागत होते. लांबच्या वाडीवरचे मात्र बिचारे तुटत होते.

तुझ्या साइटवरही तशी लाइन असेल तर दोन्ही शाखांची, म्हणजे दोन्ही कानांची, रिसीव्ह लेव्हल शेजारी शेजारी मांड, तासभर तरी, वेगवेगळ्या कॉलवर. एक कायम आठ-दहा डीबीनं खाली राहिली तर कार्डाला हात लावू नकोस, लाइनला केबलमधला दोष शोधणारा अ‍ॅनालायझर लाव. त्यात केबलचा प्रकार नीट निवड, नाहीतर दोषाचं अंतर चुकीचं दाखवतो आणि रिगर, म्हणजे टॉवरवर चढणारा गडी, बिचारा भलत्याच ठिकाणी कनेक्टरवरचा टेप सोडत बसतो. आणि कनेक्टर उघडण्याआधी ट्रान्समीटर लॉक! यात हयगय नको.

आमच्या त्या डायव्हर्सिटीच्या लाइनच्या कनेक्टरमधून पाणी निघालं. त्यावरचा टेप वरून खाली गुंडाळलेला, त्यामुळे प्रत्येक वेढ्याचं तोंड आभाळाकडे. घर शाकारताना कौलं जशी खालून वर चढवत नेतात, तसाच टेप चढवायचा असतो. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. उन्हाळ्यात घाईघाईत तो टेप मीच मारला होता. साहेबांना तेव्हा सांगितलं नाही, तुला सांगतोय.

पाऊस थांबेपर्यंत कुणालाही वर चढवू नकोस, मग वरून कितीही फोन येवोत.

दोन्ही शाखांचे आकडे मला मेसेज कर. साइटवरून फोन नको करूस, लागायचा नाही.

तुझे
आण्णा