नाना, हे तुम्हीच वाचा

धुळे
रविवार, रात्रीचे 10

ती. आई आणि ती. नाना यांना शि. सा. नमस्कार.

हे पत्र नानांनी वाचायचं आहे. मोठ्याने. आई, तू समोर बस, पण ओठ मिटून. अडले तर मनात 20 पर्यंत मोज आणि मगच शब्द सांग. लकव्यानंतर बोलणं परत यावं म्हणून वाचेच्या बाईंनी रोज दहा ओळी वाचायला सांगितल्यात, तेव्हा हे पत्र म्हणजे बऱ्याच दिवसांचा अभ्यास धरा. म्हणूनच अक्षर एवढं मोठं काढलंय आणि एक ओळ सोडून लिहितेय. फोनवर हे जमलं नसतं. फोनवर नाना 'हं' म्हणतात, तेवढ्यात आई फोन ओढून घेते आणि मग आम्ही दोघी नानांबद्दलच बोलत बसतो. नाना शेजारच्या खाटेवर बसून सगळं ऐकत असतात.

आधी इकडची खुशाली. बारक्याची दहावीची परीक्षा संपली. पेपर कसे गेले विचारलं की 'बरे' म्हणतो, त्यापुढे नाही. पतपेढीत मार्चअखेर होती, रोज घरी यायला रात्रीचे नऊ. त्या दिवसांत स्वयंपाक यांनी आणि सासूबाईंनी मिळून ओढला. यांना फक्त खिचडी येते, त्यामुळे आठवड्यात चारदा खिचडी झाली आणि कोणी तक्रार केली नाही.

गच्चीवरच्या माझ्या बागेचं मात्र पार वाटोळं झालं. मार्गशीर्षात नाना दवाखान्यात होते तेव्हापासून मी वर गेलेच नव्हते. सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून पाणी घालत होत्या, पण जास्वंदीवर पांढरा कापूस धरलाय तो काय, हे त्यांना कळलं नाही. पिठ्या ढेकूण तो. जास्वंद गेली, मिरची गेली, रंगाच्या डब्यातला गवती चहा वाळून काडी झाला. मी साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने, एकेक फांदी घासली. कढीपत्ता वाचला. आता वर हिरवी जाळी बांधलीय, कारण दुपारी पारा 42 च्या पुढे जातोय. एवढ्याने भागत नाही, पण सावलीत पोकळा तरी येतो.

इथे थांबा, नाना. पाणी प्या. बसून, हनुवटी खाली घेऊन, घोट घोट.

आता मूळ गोष्टीवर येते. फेब्रुवारीतला तो रविवार आठवतो ना? विहीर खाली गेली म्हणून भाऊने बोअरची नळी परसापर्यंत ओढून दिली होती. मी मोठ्या उत्साहाने वांग्याची 20 रोपं लावली, आळी केली आणि नळी सोडली. तुम्ही खिडकीशी खाटेवर होतात. आईने ताट आणलं. तुम्ही म्हणालात, 'मीठ.'

स्पष्ट. इतका स्पष्ट शब्द कित्येक दिवसांत आला नव्हता. आई आधी हरखली आणि लगेच रागावली, 'मीठ नई. डाक्टरनी सांगेल शे ना.' तुम्ही पुन्हा 'मीठ, मीठ' आणि डावा हात खिडकीकडे. आईला वाटलं, खिडकीतल्या लोणच्याच्या बरणीकडे. तुम्ही ताट सरकवलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि मी काय केलं? लहान पोराला समजावतात तशी समजावत बसले. दिवसभराचं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, त्यावर नाही, तुमचं बीपी किती वर गेलं होतं माहीत आहे ना, वगैरे. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. लकव्यानंतर माणसाला कारण नसतानाही रडू येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते वाक्य मी त्या दिवशी अगदी सोयीने वापरलं.

पुढच्या शनिवारी आले तर पानांच्या कडा करपलेल्या. आळ्यांत माती वाळली होती आणि तिच्यावर पांढरी साय धरली होती. मी बोटाला लावून जिभेवर ठेवली. खारट.

जनावरं धुवायला बोअर, रोपांना विहीर. बोअर घेतली तेव्हापासून हे तुम्ही पाळत आलात. मी या घरात वाढले आणि मला ते कधी लक्षात ठेवावं लागलं नाही, कारण तुम्ही होतात. 'खारं पाणी' हे दोन शब्द तुम्हाला सापडत नव्हते, म्हणून हाताशी आला तो जवळचा शब्द तुम्ही उचललात. आम्ही तो भाजीत घालून मोकळे झालो.

तेच मातीचं बोट घेऊन मी तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसलात. उजवा कोपरा तेव्हा अजून खाली राहत होता, तरी ते हसू पुरतं कळलं. मग आम्ही खुर्ची परसात मांडली, मी विहिरीच्या तळाचं पाणी कळशीने आणलं आणि तुम्ही खुणेने दाखवलंत की आळ्यात थोडं थोडं नको, भरपूर ओत, खार खाली धुऊन जाऊ दे. शेवटच्या चार रोपांना तुम्ही स्वतः तांब्या घेतलात. डाव्या हातात तांब्या, आणि खालून आधाराला उजवा तळहात. हलत होता, पाणी अर्धं माझ्या साडीवर सांडलं, पण उजवा हात आपणहून कामाला आला तो त्या दिवशी पहिल्यांदा. 20 पैकी 7 रोपं जगली. परवा आईने सांगितलं, फुलं धरलीत.

त्यानंतर मला बाकीचंही आठवायला लागलं. तपासणीच्या वेळी वाचेच्या बाईंनी मुलीचं चित्र दाखवलं, तुम्ही म्हणालात 'आंडेर'. मुलाचं दाखवलं, 'आंडोर'. बाई बाहेरगावच्या, त्यांनी दोन्हींपुढे फुली मारली. मी बाहेर बाकड्यावर होते, मला नंतर कळलं. सांगितल्यावर त्यांनी स्वतःच वही पुढे केली आणि माझ्याकडून अहिराणी शब्द लिहून घेतले. लहानपणीची बोली बऱ्याचदा आधी परत येते, म्हणाल्या. तशीच पावकी आणि दिडकी, शाळेत पाठ केलेले पाव-दीडाचे पाढे. चहा मागता येत नव्हता तेव्हा तुम्ही दिडकी धडाधड म्हणत होतात, आणि आई डोळ्याला पदर लावून म्हणायची, यांचं डोकं गेलं. डोकं गेलं नव्हतं, आई. पाठ असलेलं मेंदू वेगळ्या वाटेने काढतो. वाट फक्त बोलण्याची बंद होती. समजण्याची उघडीच होती, आणि आम्ही त्या उघड्या दारात उभं राहून मोठमोठ्याने बोलत होतो.

कापसाचं तेच. भाव वाढेल म्हणून घर भरून ठेवलेला कापूस भाऊने आणि मी व्यापाऱ्याला बोलावून देऊन टाकला. तुम्हाला कोणी विचारलं नाही. काट्यावर गोण्या चढत होत्या तेव्हा तुम्ही आतून काठी आपटत होतात. एक गोणी आईने मागे ठेवली ती बरी ठेवली. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू तुम्ही कोपऱ्यात भिरकावलात, पण बोंडातला कापूस उजव्या चिमटीत धरून सरकी सुटी करायला मात्र बसता. पहिल्या सकाळी 3 सरक्या. मार्चअखेरीला 40. आई त्याच कापसाच्या वाती वळते. वाती इतक्या झाल्यात की अमळनेरच्या सगळ्या देवळांना पुरतील.

आता जे लिहायला मला तीन रात्री लागल्या ते.

मी आणि भाऊ महिनाभर भांडतोय. तो म्हणतो सुरत. लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच, उधन्यात अर्धा खान्देश राहतो, करमेल. मी म्हणते धुळे. तळमजल्याची खोली आहे, मी आहे. दोघंही तुमच्यावरच्या मायेनेच बोलतोय, पण ऐकणाऱ्याला वाटावं की पितळी हंडा कोणाच्या वाट्याला यावा याचा वाद चाललाय. पहिले तीन ते सहा महिने सुधारणा लवकर होते, असं डॉक्टर म्हणाले, त्याची भाऊने मुदतच करून टाकली. सहा महिन्यांनंतर वेग कमी होतो, सुधारणा थांबत नाही, हे पुढचं वाक्य त्याने ऐकलंच नाही.

माझंही सगळं निर्मळ नाही. तुम्ही धुळ्याला यावं, यात माझी सोय होती. शनिवारी पतपेढीतून थेट स्टँड, अमळनेरची गाडी, तिथून काळी-पिवळी, रविवारी रात्री परत, सोमवारी पाचला उठून डबे. पाच महिन्यांत घरचा एक रविवार मी पाहिला नाही. एका शनिवारी मी धुळे स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, गाडी लागली, भरली आणि सुटली, आणि मी उठले नाही. दुसऱ्या गाडीने आले. तुम्हाला सांगितलं, पंक्चर झालं होतं. झालं नव्हतं.

तर दर शनिवारी मला जमणार नाही. एकाआड एक येईन. आल्यावर मात्र दोन दिवस पूर्ण तुमची.

आई, हा भाग तुझा. नाना, तुम्हीच वाचून दाखवा, तिला ऐकावं लागेल. सदऱ्याच्या गुंड्यांना नानांना दहा मिनिटं लागतात, लागू दे. उजवी बाही आधी, डावी नंतर, काढताना उलट, एवढं सांभाळ. उठवताना उजव्या हाताला धरून ओढू नकोस, खांदा निखळेल. पण 'ऱ्हाऊ द्या, मी करस' हे तुझं वाक्य आता पुरे कर. पापडाचा घाट घालणार असशील तर नानांच्या वाटणीचे करू नकोस. उडदाच्या पापडात मीठ असतंच, वर पापडखारातही तेच सोडियम. कोणी तेल दिलं तर चोळ खुशाल, पण त्याच्या भरवशावर बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि दुपारी दोन तास झोप. शेजारच्या काकू बसायला तयार आहेत, त्यांनी मला स्वतः सांगितलं. तू त्यांना 'कशाला त्रास' म्हणून परत पाठवतेस. तुझं बीपी कोणी मोजलंय का गेल्या पाच महिन्यांत? मी नाही मोजलं. पुढच्या खेपेला मोजणार आहे.

नाना, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. सालदाराचं, आपल्या वर्षाच्या गड्याचं, साल संपतं. भाऊ म्हणतो साल नको, शेत निमबटाईने, अर्ध्या वाट्याने, देऊन टाकू. मी त्याला काल फोन केला आणि सांगितलं की हे आपण ठरवायचं नाही. सुरतेचंही नाही, धुळ्याचंही नाही. तो पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, 'पण नाना सांगतील कसे?' मी म्हटलं, जसे मीठ सांगितलं तसे. त्याला ती गोष्ट माहीत नव्हती. सांगितली.

सोबत एक कागद जोडलाय. तीन प्रश्न आहेत. सालदार पुन्हा ठेवायचा की बटाई. राहायचं कुठे, गाव, धुळे की सुरत. आणि परसातल्या सात झाडांपैकी बियाणाला कोणतं राखायचं, ओळीतलं कितवं. समोर चौकोन आखलेत. उजव्या हाताने फुली जमली तर उजव्याने, नाहीतर डाव्याने. घाई नाही, आखाजीला माहेरी येईन तेव्हा हातात द्या.

आई, कागद तू भरू नकोस. तुझी फुली मी ओळखते.

तुमची
आंडेर