कडेचा लाकूडफाटा

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. मुद्द्यावर येतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "चित्राची कड चार बोटं कापली, त्यात काय एवढं" हेच ऐकायला मिळेल.

क्लोंडाइकच्या, म्हणजे कॅनडातल्या १८९६ नंतरच्या सोन्याच्या झुंबडीच्या, छायाचित्र-प्रदर्शनाची जुळवणी पाहायला आली. सगळ्या छायाचित्रांच्या कडा छाटल्यात. चेहरे मोठे केले, बाकीचं उडवलं. पण त्या मुलखात माणसं रोज काय करत होती, ते तर कडेलाच आहे रे!

चिलकूट खिंडीचं चित्र घे. छायाचित्रकार एरिक हेगच्या काचेवर (तेव्हा चित्र काचेवरच घेत) पांढऱ्या उताराखाली सामानाचे ढीग पसरलेत. तो भाग गेला. राहिली ती माणसांची काळी रेघ, आणि तिच्याखाली मथळा 'सोन्याच्या खाणीकडे'. सोनं तिथून पाण्याच्या वाटेनं आठशेहून जास्त किलोमीटर लांब! चित्राचा विषय ते ढीगच आहेत. वर्षभराचा शिधा जवळ नसेल त्याला कॅनडाचे पोलीस खिंडीच्या पलीकडे सोडत नसत. त्या काळच्या छापील यादीत माणशी ४०० पौंड पीठ, १५० पौंड खारवलेलं मांस, १२५ पौंड घेवड्याचे दाणे. अवजारं, तंबू, चूल धरली की ओझं टनाच्या घरात जातं. एका खेपेला पंचवीस-तीस किलो, म्हणजे त्याच चढावर तीस-चाळीस खेपा. बर्फात खोदलेल्या पायऱ्या सुमारे १५००. दम लागून रांगेबाहेर पाऊल टाकलं की परत आत शिरायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. म्हणून त्या रांगेतली डोकी मोजून 'इतके लोक गेले' असं लिहिता येत नाही. तीच माणसं पुन्हा पुन्हा चढतायत. पायऱ्यांच्या शेजारी बर्फात घसरणीची खाच दिसते, रिकामा झालेला माणूस तिच्यातून बसून खाली यायचा. ती खाचही छाटली. आणि शंभर पौंडांचं ओझं पाठीवर घेणारे त्लिंगित, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांतले, हमाल बहुतेक चौकटीच्या कडेलाच उभे असतात. ही वाट मुळात त्यांची, आणि कात्री पहिली त्यांच्यावरच चालते.

खिंडीपलीकडे बेनेट सरोवराकाठी होड्यांसाठी फळ्या कापायचे, त्या करवतीच्या चित्रावरून आपण भांडलो होतो, आठवतं? खालच्या माणसाला जास्त कष्ट, असं तुझं म्हणणं. मी अजूनही मान्य करत नाही. ओंडका उंच माचीवर चढवायचा, कोळशानं रेघ मारायची. वरचा करवत उचलतो आणि रेघेवर धरतो, खालचा ओढतो. कापलं जातं ते खाली ओढतानाच, हे तुझं बरोबर. पण रेघ सुटली की फळी वाकडी, मग होडीचा सांधा उघडा, आणि शिव्या वरच्याला. खालच्याच्या डोळ्यांत भुसा. चांगली भागीदारी या माचीवर मोडायची. तू खाली उभा राहिला असतास तर भुशाबद्दल मला आजही पत्रं आली असती! १८९८ च्या मे अखेरीस बर्फ फुटला आणि सात हजारांवर होड्या निघाल्या. मागच्या डोंगरावर नुसते बुडखे उरले. ते बुडखे या जुळवणीत नाहीत.

सगळ्यात जिवाला लागलं ते सोनं सापडलेल्या बोनान्झा ओढ्याचं चित्र. रहाटापाशी तीन माणसं, आणि डाव्या कडेला माणसापेक्षा उंच रचलेला लाकूडफाटा. तो कापला! अरे, तिथली जमीन बारा महिने गोठलेली. कुदळ मारली तर उडून येते. म्हणून संध्याकाळी खड्ड्याच्या तळाशी आग लावायची, सकाळी राख आणि सैल झालेली वाळू बादलीनं वर ओढायची. एका आगीत खाली जायचं फूटभर. पंधरा-वीस फुटांवर खडक लागला की त्याच्या अंगानं आडवं खणायचं, तेही आगीनंच. गोठलेल्या भिंतींना टेकू लागत नाही, म्हणून हे काम हिवाळ्यात. उन्हाळ्यात त्याच भिंती ढासळतात, खड्ड्यात पाणी भरतं. धूर निघून जायच्या आत कुणी उतरला तर विषारी वायूनं जागीच कोसळायचा. वर काढलेली वाळू ढीग होऊन पुन्हा गोठते. वसंतात ओढा वाहू लागला की ती पन्हळीत टाकून धुवायची, तळाच्या आडव्या पट्ट्यांमागे जड सोनं अडकतं. तोवर आपल्या ढिगात किती आहे हे मालकाला नीट ठाऊक नसतं. अख्खा हिवाळा त्या लाकडावर चालतो, आणि तेच चित्रातून बाहेर!

उजेडाचंही कुणी लिहीत नाही. डिसेंबरात डॉसनला, म्हणजे खाणींजवळच्या शहरात, जेमतेम चार तासांचा दिवस, सूर्य डोंगरांआड. थंडीत कॅमेऱ्याच्या झडपेचं तेल घट्ट होतं, काच उबेत आणली की तिच्यावर दव धरतं, काच धुवायच्या गार औषधात प्रतिमा नीट उमटत नाही. म्हणून कडक हिवाळ्याची बाहेरची चित्रं कमी आणि मार्च-एप्रिलच्या झगझगीत बर्फाची पुष्कळ. पाहणाऱ्याला वाटतं, बरी होती की हवा.

तळाची पट्टीही कापलीय, म्हणजे काचेवर कोरलेला क्रमांक आणि नाव गेलं. हेगचा भागीदार लार्स पुढे डुक्लो या दुसऱ्या छायाचित्रकाराबरोबर काम करू लागला. कुठलं चित्र कुणाचं, हे त्या अक्षरांशिवाय कसं लावणार? डॉसनच्या एका केबिनीच्या भिंतीत हेगच्या काचा सापडल्या तेव्हा त्या पुसून हरितगृहाला लावायचं घाटत होतं, असं सांगतात. त्यातून वाचलेल्या चित्रांना आता आपण छाटायचं?

माझं म्हणणं मी लेखी कळवलंय. तूही लिही. तुझं ऐकतात. निदान लाकूडफाटा, बुडखे आणि तळाची पट्टी परत आली पाहिजे. ट्रॉन्डेक ह्वेचिन, म्हणजे डॉसनच्या जागेचे मूळ रहिवासी, यांच्यावर वेगळा फलक हवा. डॉसन वसलं तेव्हा, १८९७ मध्ये, ते नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला गेले. नुसतं 'शहर उभं राहिलं' म्हणून भागणार नाही.

वहिनींची बदली झाली का? चिन्मयचा निकाल कळव. बापूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश

ता. क. चित्रात खड्ड्यापाशी बॉयलर आणि वाफेच्या नळ्या दिसल्या तर ते सुरुवातीच्या हिवाळ्यांचं नाही; जमीन वाफेनं वितळवणं नंतर आलं. अशी दोन चित्रं त्यांनी '१८९६' म्हणून लावलीत, तीही बघ.