देणगीसोबत कायमनिधीचं पत्रही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की वसईपासून अहिल्यानगरपर्यंत चर्चकडे देणग्यांचा ओघ सुरू होतो. जमिनीचा पैसा आलेली कुटुंबं, उद्योजक, परदेशी स्थिरावलेली मुलं मोकळ्या हाताने देतात. पण बराचसा पैसा डोळ्यांना दिसणाऱ्या कामात जातो: नवा ग्रोटो (मारियामातेची गुहा), संगमरवरी फरशी, तिच्यावर कोरलेलं नाव. चार-पाच पावसाळे गेले की पन्हळ तुंबते, वेदीमागच्या भिंतीला ओल धरते, पोपडे सुटतात आणि पुन्हा पावतीपुस्तकं घरोघरी फिरू लागतात. देखभालीला, धर्मशिक्षकाच्या मानधनाला, मराठी पुस्तकांच्या छपाईला देणारे थोडेच. श्रद्धा पुढच्या पिढीकडे जाते ती मात्र याच खर्चातून.

म्हणून ज्यांना देवाने भरपूर दिलं आहे त्यांनी कायमनिधी द्यावा, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायची ठेव. २० लाख रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १ लाख ४० हजार व्याज येतं. त्यातले ४० हजार मुद्दलात परत घालावेत आणि १ लाख ठरलेल्या कामाला वापरावेत. सगळंच व्याज उडवलं तर महागाईमुळे पंधरा वर्षांनी त्याच रकमेत जेमतेम निम्मं काम भागतं.

घोळ होतो तो पावतीत. पावतीवर नुसतं ‘देणगी’ लिहिलं की ती रक्कम ट्रस्टचं त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते, आणि करमाफी टिकवायला साधारणपणे ८५ टक्के उत्पन्न त्याच वर्षी खर्ची पडावं लागतं. मग मार्च उजाडला की धडधाकट फरशी उखडली जाते. हे टाळायचं तर रकमेसोबत सहीचं पत्र द्या: ‘ही रक्कम कायमनिधीसाठी आहे, मुद्दल खर्चू नये, व्याज अमुक कामाला वापरावे.’ काम फार बारीक नेमू नका. ते बंद पडलं तर व्याज कशाला वापरायचं, तेही त्याच पत्रात लिहा. त्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या सरकारी नोंदीचा, उतारा मागून पाहा. विश्वस्त वारले, बदलले आणि ९० दिवसांत बदल अर्ज गेला नाही, तर उताऱ्यावर जुनीच नावं राहतात आणि बँकेत सहीपाशी काम अडतं. चर्चला शेतजमीन द्यायची असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. नुसतं बक्षीसपत्र करून भागत नाही.

एकाच समाजासाठी चालणाऱ्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला प्राप्तिकरातली सवलत (‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी) सहसा मिळत नाही. सर्व धर्मांच्या मुलांना खुलं असलेलं वसतिगृह किंवा दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टला दिलं तर ती मिळू शकते, पण २ हजारांवरची देणगी रोखीत नको. परदेशात राहणाऱ्यांचा पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं की, ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळणारं ओळखपत्र) असलं तरी, तो परदेशी ठरतो. मग एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेला ट्रस्ट लागतो आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. इथल्या भावाच्या खात्यातून वळवण्याचा आडमार्ग शेवटी चर्चलाच अडकवतो.

आमची कळकळीची विनंती मराठी ख्रिस्ती साहित्यासाठी आहे. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं. त्या काळची एकही छापील प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरवलेल्या प्रतींमुळे. १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदय’सारख्या नियतकालिकांचा जुना कागद घडीवर बोट लागताच तुटतो. असे अंक सपाट स्कॅनरवर दाबू नयेत, शिवण फुटते. ते उशीच्या आधारावर अर्धवट उघडून वरून कॅमेऱ्याने टिपावेत, किमान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके), आणि प्रती दोन वेगळ्या गावी ठेवाव्यात. एका सधन कुटुंबाने आपल्या चर्चच्या कपाटातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आणि जुने अंक एवढ्यांचाच खर्च उचलला तरी या नाताळात काम सुरू होईल.

— काही ख्रिस्ती वाचक, वसई