रीस्टार्टनंतरचा रिकामा कॅशे

महोदय,

एखादे संकेतस्थळ अद्ययावत केल्यानंतर लगेच कोलमडले, की दोष नव्या आवृत्तीच्या माथी मारला जातो. पुष्कळदा ती आवृत्ती निर्दोष असते आणि अडचण रीस्टार्टमध्ये पुसल्या गेलेल्या कॅशेमुळे, म्हणजे तयार पानांच्या तात्पुरत्या साठ्यामुळे, आलेली असते. त्याविषयी फारसे बोलले जात नाही, म्हणून हे पत्र.

शंभरातील ९५ मागण्या कॅशेमधूनच भागत असतील, तर डेटाबेसपर्यंत जेमतेम ५ पोहोचतात. कॅशे रिकामा होताच त्या १०० होतात, म्हणजे भार एकदम वीसपट वाढतो. त्यातही एकाच लोकप्रिय पानासाठी एकाच क्षणी आलेल्या शेकडो मागण्या तेच पान पुन्हा पुन्हा तयार करायला लावतात, हे अधिक घातक.

प्रत्येक सर्व्हर याबाबतीत सारखा वागत नाही. वार्निश या कॅशे सर्व्हरचा साठा सहसा मेमरीत असल्याने प्रोसेस थांबली की तो नाहीसा होतो. मात्र केवळ नियम बदलायचे असतील, तर चालू प्रोसेसमध्येच नवे व्हीसीएल (वार्निशचे नियम लिहिलेली फाइल) चढवता येते आणि रीस्टार्टची गरजच उरत नाही. एवढ्या साध्या कारणासाठी रीस्टार्ट करण्याची सवय सोडायलाच हवी. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा कॅशे डिस्कवर असतो, त्यामुळे तो रीस्टार्टमध्ये टिकतो. पण अपग्रेडमध्ये टिकेलच असे नाही: फेब्रुवारी २०१७ मधील १.११.१० या आवृत्तीत कॅशे फाइलच्या हेडरची, म्हणजे सुरुवातीच्या माहितीची, रचना बदलली आणि आधी साठवलेली सगळी उत्तरे बाद ठरली. बदलांच्या यादीत तसे स्पष्ट लिहिलेले होते. ती यादी अपग्रेडपूर्वी वाचणे हा कामाचाच भाग मानला पाहिजे.

एकाच वेळच्या मागण्यांवर उपाय म्हणून, एका पानासाठी एकच मागणी मागच्या मूळ सर्व्हरकडे जाऊ देणारे कॅशे लॉक उपलब्ध आहे. नवे उत्तर येईपर्यंत शिळे उत्तर देण्याची सोय २०१० च्या आरएफसी ५८६१ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात नोंदवलेली आहे, पण रिकाम्या कॅशेत शिळेही काही नसते. म्हणून सर्व्हर एकेक करून बदलावेत, आणि पहिल्याचे हिट प्रमाण (कॅशेमधून भागणाऱ्या मागण्यांचा वाटा) पूर्ववत झाल्याखेरीज दुसऱ्याला हात लावू नये.

घाबरून जुनी आवृत्ती परत आणताना तर विशेष जपावे, कारण त्यासाठीही बहुधा रीस्टार्टच करावा लागतो आणि मेमरीत नुकताच भरू लागलेला कॅशे पुन्हा रिकामा होतो.

आपला विश्वासू,
एक वाचक