सिनेटर डर्बिन आणि सिनेटर ग्रासली यांना आभाराचं पत्र

सप्रेम नमस्कार.

डर्बिनसाहेब, तुम्ही इलिनॉयचे डेमोक्रॅट. ग्रासलीसाहेब, तुम्ही आयोवाचे रिपब्लिकन. तरी पत्र दोघांच्या नावे एकत्रच लिहिते आहे. माझ्या मैत्रिणीचा भाऊ घरी परतला तो तुम्हा दोघांमुळे, एकट्याला कुणालाच ते जमलं नसतं.

मी मूळची साताऱ्याची, बरीच वर्षं शिकागोजवळ राहते. ही मैत्रीण माझ्याच ऑफिसातली. तिचा भाऊ २००४ मध्ये क्रॅक हे कोकेनपासूनचं अमली द्रव्य विकताना पकडला गेला आणि ऐन तिशीत संघीय तुरुंगात गेला. गुन्हा तो आजही नाकारत नाही. पण १९८६ च्या कायद्यात पाच ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं सक्तीची होती, आणि तेवढीच शिक्षा व्हायला कोकेनची भुकटी मात्र अर्धा किलो लागायची. भुकटीत खाण्याचा सोडा घालून शिजवलं की क्रॅक होतं, माल तोच. पाच ग्रॅम म्हणजे चमचाभर साखर! आणि क्रॅकच्या खटल्यांत उभे असायचे ते बहुतेक कृष्णवर्णीय.

डर्बिनसाहेब, त्या कायद्याला तुम्हीही मत दिलं होतंत, आणि ती चूक होती हे चारचौघांत मान्य केलंत. २०१० मध्ये अलाबामाचे रिपब्लिकन जेफ सेशन्स यांना सोबत घेऊन तुम्ही शंभरास एक हे प्रमाण अठरास एकवर आणलंत. फक्त आधी शिक्षा झालेल्यांना त्याचा लाभ नव्हता. "म्हणजे तो उशिरा पकडला गेला असता तर बरं झालं असतं?" मैत्रिणीने विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ग्रासलीसाहेब, सक्तीच्या शिक्षा कमी करायला तुमचा आधी विरोध होता. तुम्ही ऐकून घेतलंत, मत बदललंत. मे २०१८ मध्ये प्रतिनिधिगृहाने नुसत्या तुरुंगसुधारणांचं विधेयक मंजूर केलं, तेव्हा न्यायसमितीचे अध्यक्ष म्हणून तुम्ही अडून बसलात, की शिक्षेचे नियमही बदलले पाहिजेत. त्या हट्टाचे खास आभार. डिसेंबरात सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १२ मतांनी 'फर्स्ट स्टेप' कायदा मंजूर झाला आणि २१ तारखेला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केली. गरोदर कैद्यांना बेड्या घालायची बंदी त्यातलीच. आणि २०१० ची सवलत मागच्यांनाही मिळाली. आपोआप नव्हे, न्यायाधीशापुढे अर्ज करून.

भाऊ २०१९ च्या ऑक्टोबरात सुटला. आईने त्याचा थंडीचा कोट इतकी वर्षं कपाटात जपून ठेवला होता. खांद्यात आवळत होता, तरी तोच घालून तो आमच्याकडे जेवायला आला.

त्या माउलीने तुम्हा दोघांना आशीर्वाद सांगितले आहेत. सोबत एक प्रश्नही आहे. २०२१ मध्ये हे प्रमाण एकास एक करणारं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६१ विरुद्ध ६६ मतांनी मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. ती विचारते, माल तोच आहे, तर अठरा तरी का?

आपली कृतज्ञ,
शिकागोजवळची एक मराठी बाई